वळलेला दात

मालकानं खोकं टेबलावर ठेवून विचारलं, "काका, हे तुम्हीच केलंय ना?" तेव्हा तो खिडकीकडे बघत होता. खिडकीबाहेर नव्हे आणि काचेकडेही नव्हे. त्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी, जिथे काहीच नसतं तिथे. सवयीनं त्यानं "हं" म्हटलं. हे "हं" त्याच्या तोंडून दारावरच्या घंटेसारखं आपोआप वाजायचं, घरात माणूस असो वा नसो. मालक वयानं त्याच्या मुलीएवढा. थोरल्या मालकांच्या काळापासून हा इथे लॅबमध्ये दात बसवतो म्हणून तो त्याला काका म्हणायचा, आणि काका म्हणत असल्यामुळे त्याला नीट रागावताही यायचं नाही. "हं नाही काका, बघा तरी," तो म्हणाला आणि त्यानंच खोक्यातून प्लास्टरचा जबडा काढून पुढ्यात ठेवला. जबड्यावर गुलाबी मेण आणि मेणात उभे केलेले वरचे दात. कवळी पक्की करण्याआधी दात असे मेणात लावून दवाखान्यात पाठवतात; दातांची डॉक्टर ते पेशंटच्या तोंडात घालून बघते आणि पसंत पडले तरच पुढचं काम होतं. "डॉक्टरीणबाईंचा फोन होता. पेशंट म्हातारी आहे. तिनं घातले, आरशात पाहिलं, आणि काढून बाईंच्या हातात दिले. म्हणाली, दात झकास आहेत, पण हे दुसऱ्याच कुणाचे तरी आहेत." पलीकडे पॉलिशच्या यंत्रावर बसणाऱ्या बाई खो खो हसल्या. "काका, कुणाचे हो?" त्यांनी विचारलं. तोही त्यांच्याबरोबर थोडा हसला, कारण सगळे हसले की हसायचं एवढं त्याला जमत असे.

मग त्यानं पाहिलं. समोरच्या दोन मोठ्या दातांपैकी डावा दात वळलेला होता. फार नाही, किंचितच. त्याची आतली कड शेजारच्या दातावर आली होती, रांगेतली बाई पुढचीच्या खांद्यावरून डोकावते तशी. (या धंद्यात डावं-उजवं पेशंटचं धरतात, बघणाऱ्याचं नाही. तेव्हा दात डावा.) मेण गरम असताना एखादा दात कलतो, घसरतो, खाली बसतो, हे त्यानं उभ्या हयातीत हजारदा पाहिलं होतं. हे तसं नव्हतं. दात असा वळवायचा तर शेजारच्याला घासून जागा करावी लागते, आणि ती केलेली होती. घासल्याची खूण भिंगाशिवाय दिसत होती. नंतर मेण वितळवून, दात हव्या त्या कोनात धरून, निवेपर्यंत बोट न हलवता थांबावं लागतं. म्हणजे हे हातून झालेलं नव्हतं, हातानं केलेलं होतं. त्या वेळी तो स्वतः कुठे होता, हे मात्र त्याला सांगता आलं नसतं. "उद्या दुपारपर्यंत सरळ करून द्या म्हणजे झालं," मालक म्हणाला, "बिचारी पेजेवर आहे." तो पुन्हा "हं" म्हणाला. दातखिळी बसल्यासारखा त्या दाताकडे बघत राहिला. तो दात त्याच्या ओळखीचा होता. तो त्याच्या बायकोचा होता.

बायको जाऊन वर्ष होत आलं होतं.

या कामात चेहरे दिसत नाहीत. तोंडं येतात, प्लास्टरची, खोक्यांतून. कुणाचं टाळू उथळ, कुणाची हिरडी झिजून पातीसारखी झालेली. रस्त्यावर ती माणसं समोरून आली तरी तो ओळखणार नाही. दात बसवायचं काम म्हणजे हाताचं काम. एकदा हाताला कळलं की डोक्याची गरज उरत नाही, आणि हे त्याच्या पथ्यावरच पडलं होतं, कारण त्याचं डोकं लहानपणापासूनच जागेवर नसायचं. शाळेत हजेरीच्या वेळी शेजारच्या मुलाला त्याला कोपरानं ढोसावं लागे. बायकोनं लग्नानंतर लवकरच त्याचं बारसं केलं: गैरहजर. "अहो गैरहजर, चहा निवतोय." "गैरहजर, तुमची बस गेली." लोक त्याला विसराळू म्हणत, वेंधळा म्हणत, ती म्हणायची, तसं काही नाही, विसरायला आधी लक्षात असावं लागतं. मुलगी मोठी झाली, परक्या भाषा शिकू लागली, तेव्हा एका संध्याकाळी जेवताना म्हणाली, "बाबा, तुमच्यासाठी एक शब्द सापडला. डिस्ट्रे. इंग्रजांनी फ्रेंचांकडून उसना नेला आणि परत केलाच नाही. मूळ अर्थ म्हणे, दुसरीकडे ओढून नेलेला." बायको वाढता वाढता थांबली. "ओढून कोण नेते म्हणे? मला तिचा पत्ता तर दे." मायलेकी पोट धरून हसल्या. बायकोनं हसताना डावा हात तोंडावर नेला. हे त्याला आता, जबड्याकडे बघताना, आठवलं. त्या वेळी तो फक्त हसला होता, सगळे हसले म्हणून.

खरं सांगायचं तर ओढून नेणारं कुणीच नव्हतं. हीच तर लाजेची गोष्ट होती. लोकांना वाटायचं, हा गप्प बसतो म्हणजे मोठ्या विचारात असणार. सुरुवातीला तिलाही तसंच वाटलं होतं. बहिणीला तिनं सांगितलं होतं, खोल पाण्याला खळखळाट नसतो. पुढे काही वर्षांनी तीच बहिणीला म्हणाली, "खोल-बिल काही नाही गं, पाणीच नाही." हे त्यानं दुसऱ्या खोलीतून ऐकलं होतं, आणि त्याला राग आला नव्हता, कारण ते खरं होतं. ती विचारायची, "कुठे असता हो तुम्ही?" तो म्हणायचा, "इथेच." दोघांनाही ठाऊक असायचं की हे खरं नाही, पण दुसरं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. तो जिथे जायचा तिथे काही नसायचं. ना बाई, ना स्वप्न, ना जुनं दुःख. एक करडी, बरी वाटणारी मोकळीक असायची, आणि तिथून परत आलं की चहा निवलेला असायचा, बस गेलेली असायची, मुलगी एका इयत्तेनं पुढे गेलेली असायची.

मग तिनं त्याच्या परीक्षा घ्यायला सुरुवात केली. एकदा कपाट एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीला नेलं. तो कितीतरी दिवस त्याच्या कोपऱ्यावर गुडघा आपटत राहिला आणि प्रत्येक वेळी कपाटाचीच माफी मागत राहिला. एकदा चष्म्याची फ्रेम बदलली, काळी जाऊन लाल आली, तेव्हा पॉलिशवाल्या बाई घरी आल्या होत्या त्यांच्या देखत तिनं विचारलं, "माझ्यात काय बदल झालाय, सांगा बघू." त्यानं बराच वेळ बघून सांगितलं, "बारीक झालीस." बाई हसून लोटपोट झाल्या. तीही हसली, हात तोंडावर नेऊन. हे सगळं थट्टेवारी चालायचं. कधीतरी तिनं थट्टा करायची सोडली, आणि सोडली हे त्याच्या ध्यानात यायलाही बराच काळ जावा लागला. घरात शांतता होती. त्याला ती शांतता आवडत होती. आता त्या आवडण्याची त्याला भीती वाटते.

दवाखान्यातली ती सकाळ मात्र त्याला लख्ख आठवते, हीच तर फजिती आहे. तिच्या खाटेशेजारी खिडकी होती. खाली अंगणात एक माणूस पायऱ्या धूत होता. वरच्या पायरीवर पाणी सोडायचा, खराट्यानं लोटत लोटत खालच्या पायरीवर आणायचा, मग एका हातानं पाइप मागे सरकवायचा. ओली पायरी काळी दिसायची, कोरडी राखी. ती काहीतरी म्हणाली. फार लांब वाक्य नव्हतं. आवाज अगदी स्पष्ट होता, दुखत असल्यासारखा नव्हता, रोज काहीबाही सांगायची तसा होता. तो म्हणाला, "हं." शेवटच्या पायरीवरचं पाणी गटाराकडे गेलं, माणसानं नळ बंद केला, आणि मग त्यानं खिडकीतून तिच्याकडे मान वळवली. ती गेली होती. डोळे अर्धे उघडे होते, तोंड मिटलेलं होतं. त्या माणसाच्या पँटची एक बाजू दुमडलेली होती आणि दुसरी सुटली होती, हे आजही तो शपथेवर सांगेल. ती काय म्हणाली, हे त्याला माहीत नाही. काही सांगत होती की विचारत होती, हेही माहीत नाही. विचारत असेल तर तिला उत्तर मिळालं: हं.

मुलगी आली, आठवडाभर राहिली, आईचं कपाट तिनं एकटीनं आवरलं. आवरताना तिनं विचारलं, "दवाखान्यात नेलं तेव्हा तिच्या अंगात कुठला स्वेटर होता? तो सापडत नाहीये." त्याला आठवेना. तो आठवतोय असं तोंड करून उभा राहिला. मुलगी कपड्यांच्या ढिगात बसली होती, ती वर न बघता म्हणाली, "बाबा, तुम्ही तिच्याकडे एकदा तरी नीट पाहिलंत का हो?" तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, त्याला आपली बाजू मांडता आली असती. त्यानंतर मुलगी तिच्या शहरात परत गेली आणि दर रविवारी फोन करू लागली. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, दाराची कडी बसवून घेतली का. शाळेतल्या बाईंसारखी ती हजेरी घ्यायची आणि तो हजर म्हणायचा. पण तो प्रश्न ती घरातच टाकून गेली होती. तो कपाटाच्या कोपऱ्यासारखा मध्येच लागायचा. जागा माहीत झाली होती तरी लागायचा.

आणि आता हा दात. त्यानं खोक्याला पुन्हा दोरी बांधली, "घरी बघतो जरा" असं मालकाला सांगितलं आणि तो बाहेर पडला. संध्याकाळची रहदारी होती. बसमध्ये खोकं मांडीवर धरून बसताना त्याच्या छातीत एक वेगळीच धडधड चालली होती, चोरी केल्यासारखी किंवा बक्षीस मिळाल्यासारखी. हा दात तिचाच असेल तर त्या प्रश्नाला उत्तर होतं. डोळ्यांनी पाहिलं नसेल, डोक्यानं नोंदलं नसेल, पण हातानं तरी तिला ओळखलं होतं. पाहिल्याशिवाय कसं येईल हे हातात? एवढा नेमका कोन, कडेवरची एवढी बारीक चढण? तो मुलीला म्हणेल, पाहिलं होतं गं मी, मलाच माहीत नव्हतं. त्याचा थांबा मागे पडला. तो पुढच्या थांब्यावर उतरून चालत परत आला, आणि याचं त्याला पहिल्यांदाच मनापासून वाईट वाटलं.

घरी आल्यावर त्यानं दिवा लावला, खोकं ठेवलं आणि फोटो काढले. लग्नातला, मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचा, पासपोर्टसाठी काढलेले चार एकसारखे, बहिणीबरोबर बागेतला. प्रत्येक फोटोत तिचं तोंड मिटलेलं. हसतेय, गाल वर गेलेत, डोळे बारीक झालेत, पण ओठ दारं लावून घेतल्यासारखे बंद. एका फोटोत ती बेसावध सापडली होती, तर तिथे तोंडावर हात. त्याला हे कधी खटकलं नव्हतं; काही बायका अशा हसतात, एवढंच त्याला वाटायचं. म्हणजे पुरावा कुठेच नव्हता. जगात हा दात पाहिलेलं, ज्याला विचारता येईल असं एकच माणूस उरलं होतं. त्या दिवशी रविवार नव्हता, तरी त्यानं फोन लावला.

"बाबा? काय झालं? बरे आहात ना?"

"बरा आहे. एक विचारायचं होतं. आईचा पुढचा दात वळलेला होता ना गं?"

पलीकडे भांड्याचा आवाज येत होता तो थांबला. "हो," ती म्हणाली. "का?"

त्यानं जबडा दिव्याजवळ ओढला. "डावा," तो म्हणाला. "डावा ना?"

"उजवा."

"नाही, डावा असेल. आठव नीट."

"बाबा, उजवा." तिच्या आवाजात रविवारची बाई आली. "मी नीट आठवू? माझाही उजवाच होता. अगदी तिच्यासारखा. शाळेत असताना तारा लावून तिनं तो सरळ करवून घेतला. मी रडायचे, तर म्हणायची, माझ्यासारखं तोंड मिटून जगायचंय का तुला? तुम्ही दातांच्या धंद्यातले आणि तुम्हाला..." ती थांबली. रागावणं अर्ध्यावर टाकून द्यायची तिला आता सवय झाली होती. "जाऊ दे. जेवलात का?"

"हं," तो म्हणाला.

जेवण झालं नव्हतं आणि करावंसंही वाटलं नाही. तारा त्याला आठवत होत्या, म्हणजे आठवत होत्या असं वाटत होतं. मुलगी काही दिवस पातळ पातळ खायची, ओठ आत ओढून बोलायची. का, हे त्यानं विचारलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. दुनियेच्या तोंडात त्यानं दात बसवले, आणि घरातले दोन दात, एक वळलेला आणि एक सरळ केलेला, त्याच्या डोळ्यांखालून गेले. तेव्हा हा खोक्यातला डावा दात कुणाचाच नव्हता. हातालाही काही माहीत नव्हतं; हाताचंही लक्ष नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. म्हातारी बरोबर बोलली होती, हे दुसऱ्याच कुणाचे तरी दात होते. त्यानं खोकं मिळेल त्या जागी सरकवून दिलं आणि तो आडवा झाला. एकटेपण त्याला नवं नव्हतं. पण आजवर त्या एकटेपणात, आपण तिच्याबरोबर होतो, एवढा एक आधार होता. तोही आता गेला होता.

सकाळी दाढी करायला तो आरशासमोर उभा राहिला. आरसा तिचा, झोपायच्या खोलीतला, कपाटाच्या शेजारचा. खालच्या फळीवर तिचा कंगवा असायचा तिथे रात्री त्यानं खोकं सरकवलं होतं, आणि खोक्यातून जबडा कधी बाहेर काढून ठेवला हे अर्थातच त्याला आठवत नव्हतं. गालाला साबण लावून त्यानं वर पाहिलं. आरशात त्याचा पांढरा चेहरा, आणि त्याखाली एका बाजूनं दिसणारे दात. तो बघतच राहिला. वळलेला दात दुसऱ्या बाजूला गेला होता. त्यानं जबडा उचलून आरशासमोर धरला. आरशात डाव्याचं उजवं होतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आरशातल्या तोंडात दात उजवा होता, मुलगी सांगत होती तिथेच. आणि उलट धरलं, म्हणजे खऱ्या तोंडातला उजवा दात कुणी आरशातून पाहिला, आणि तोंड आपल्या समोर आहे असं धरून तो मेणात उभा केला, तर तो नेमका डावा होणार होता. हातानं चूक केली नव्हती. हातानं तिला आरशात पाहिलं होतं.

आणि मग ते आलं. न बोलावता, सगळंच्या सगळं. सकाळची वेळ. ती या आरशासमोर, पाठमोरी. तो मागे पलंगाच्या कडेवर, एक मोजा पायात आणि एक हातात, कितीतरी वेळ. ती केस विंचरायची, मग आरशाजवळ वाकायची, वरचा ओठ बोटानं उचलून दात बघायची. अंगठ्यानं तो मागे रेटायची, हट्टी पोराला रांगेत ढकलावं तशी. दात हलायचा नाही. मग तिला स्वतःचंच हसू यायचं. पूर्ण, मोठं, हिरड्या दिसेपर्यंतचं हसू, आणि हात खालीच. आरशात तिच्या खांद्यामागे तो बसलेला असायचा, हातात मोजा घेऊन. तिला तो दिसत होता. आरशात नजरानजरही व्हायची. तरी तिचा हात वर जायचा नाही. बहिणीसमोर जायचा, पोटच्या मुलीसमोर जायचा, फोटोवाल्यासमोर तर आधीच जायचा. त्याच्यासमोर गेला नाही. त्याचं लक्ष नाही, याची तिला खात्री होती. घरात कुणी नसताना माणूस जसं वागतं तशी ती त्याच्या देखत वागायची, कारण तो असून नव्हता. तिचं ते हसू जगात फक्त त्याला दिसलं, आणि ते त्याला दाखवलेलं नव्हतं. त्याला रडू आलं, आणि रडू येतंय हे या वेळी त्याच्या लगेच लक्षात आलं. गालावरचा साबण वाळून ओढ बसेपर्यंत तो तिथे उभा होता.

त्यानं पुन्हा फोन लावला. "उजवाच," तो म्हणाला, "तुझं बरोबर होतं. मी आरशातून पाहिला होता." आणि मग त्यानं खोक्यापासून मोज्यापर्यंत सगळं सांगितलं, मागे-पुढे करत, जमेल तसं. 

"हात न घेता हसायची?" शेवटी तिनं विचारलं.

"हो."

"मी नाही कधी पाहिलं." हे ती लहान मुलीसारखं म्हणाली. मग, "कशी दिसायची?"

असा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. तो पलंगाच्या कडेवर बसला, त्याच जागी. "वरचा ओठ एका बाजूला जास्त वर जायचा," तो म्हणाला. "नाकाला बारीक सुरकुती पडायची. आणि हसू संपलं तरी तोंड लगेच मिटायची नाही. जरा वेळ तशीच बघत राहायची, दुसऱ्या कुणाकडे बघावं तशी." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. आता थांबलो तर पुन्हा कधी बोलणं होणार नाही, असं त्याला वाटलं. "आणखी एक आहे. दवाखान्यात, शेवटी, ती काहीतरी म्हणाली होती. मी हं म्हणालो. काय म्हणाली ते मी ऐकलं नाही."

"मला वाटलंच होतं," मुलगी म्हणाली. तिनं त्याला माफ केलं नाही आणि समजही दिली नाही. मग म्हणाली, "आई सांगायची, मनातलं मोठ्यांदा बोलायचं असलं की मी तुझ्या बाबांजवळ जाऊन बसते. बोललंही जातं आणि कुणाला कळतही नाही." हे बरं सांगितलं की वाईट, हे त्याला ठरवता येईना, तिलाही आलं नसावं. "निघते बाबा, उशीर झालाय. तोंड धुवा, साबण राहिला असेल." त्यानं गालाला हात लावला. राहिला होता.

लॅबमध्ये त्यानं स्पिरिटचा दिवा पेटवला आणि जबडा पुढ्यात घेतला. वाटेत त्याच्या मनात आलं होतं, याचा साचा काढून ठेवावा; मालक नाही म्हणाला नसता. पण ही हिरडी म्हातारीची, हे टाळू म्हातारीचं, आणि ती तिकडे पेज पीत बसली होती. मेण कापायची पाती तापवून त्यानं डाव्या दाताभोवतीचं मेण सैल केलं. दात सरळ केला. त्याची घासलेली शेजारीण काढली आणि नवा दात लावला. आता सगळे दात सरळ होते, काम झालं होतं. मग त्यानं एकदा आजूबाजूला पाहिलं, आणि पाती पुन्हा तापवली. उजव्या दाताला उष्णता दिली, डाव्याची कड जराशी घासली, आणि उजवा दात वळवला. किंचितच, कड शेजारच्यावर येईल एवढा. निवेपर्यंत बोट हलवलं नाही. मग हात बाजूला घेतला. ती समोर होती. आरशातली नाही, पाठमोरी नाही. जेवताना समोर बसायची तशी, दार उघडायची तशी, दवाखान्यात त्यानं खिडकीकडे पाठ केली असती तर दिसली असती तशी. एवढ्या वर्षांत त्यानं तिच्याकडे असं समोरून पाहिलं नव्हतं, आणि ती याची वाट बघत होती की कधीच सोडून दिली होती, हे कळायला आता मार्ग नव्हता. त्यानं पाहिलं. कुठेही न जाता पाहिलं. बघता बघता त्याला कळलं की बघायला फार वेळ लागत नाही.

नंतर त्यानं दिवा जवळ ओढला. मेणाच्या कडेला चकाकी आली, मग ते सैल झालं. त्यानं दाताच्या मागे पातीचं टोक लावलं आणि हळू दाबलं. दात मागे गेला. अंगठ्यानं रेटून तिला कधी जमलं नव्हतं, ते जमलं. आधी कडेवरची चढण गेली, मग सावली गेली, घासलेल्या डाव्याच्या जागी नवा दात आला, आणि समोर दोन सारखे दात उरले, कुणा म्हातारीचे, जी आज दुपारी आरशात बघून कदाचित म्हणेल की हो, ही मीच. मेण गोठेपर्यंत त्यानं नजर काढली नाही. ती जाताना या वेळी तो बघत होता.

मागून मालक काहीतरी म्हणाला.

"हं," तो म्हणाला. मग त्यानं पाती खाली ठेवली, दिवा विझवला, खुर्ची वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय म्हणालास?"